तेराचा पाना

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात उमाकांतने शेडमधली सगळी अवजारं बाहेर काढून गोणपाटांवर मांडली. बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून काढलेला माणूस. लोणखेड्यात कुणाची मोटर अडली, कुणाच्या फवारणीच्या पंपाचं वायसर गेलं, तर पाय आपोआप त्याच्या शेडकडे वळायचे, कारण तिथे नाही असं अवजार नव्हतं. सकाळी सुरू केलेली मांडामांड दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत चालली. सात गोणपाटं भरली. आणि न्यायचं होतं ते एका पेटीत मावेल तेवढंच. पेटी कोपरापासून बोटांपर्यंतच्या हाताएवढी लांब, वीतभर खोल, भरल्यावर वजन पंधरा किलोच्या आत. हा नियम नवनीतचा होता.

शेडमध्ये ट्रॅक्टरच्या जागेवर शिडाची होडी उभी होती. एकोणीस फूट लांब, प्लायवूडची, एक डोलकाठी, दोन शिडं, इंजिन नाही. आत वाकून शिरावं लागे, पण दोन माणसांना आडवं होता येईल अशा दोन फळ्या होत्या आणि मध्ये एक स्टोव्ह. समुद्र दोनशे किलोमीटर लांब असलेल्या गावात ही होडी चार वर्षं वाढत होती. पहिल्या वर्षी गाव हसलं, दुसऱ्या वर्षी बघायला आलं, तिसऱ्या वर्षी विसरलं.

कल्पना नवनीतची. तो आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचा. मूळचा प्रकाशा गावचा, तापीच्या काठावर वाढलेला, पाण्याला न भिणारा. धडगावच्या पलीकडे नर्मदेचं पाणी धरणामुळे डोंगरात शिरून पसरलंय, तिथे उन्हाळ्यात दुपारचा वारा नेमाने वर चढतो, हे त्याने कुठल्याशा कामाला गेला असताना पाहिलं आणि मग ते खूळ त्याच्या डोक्यातून गेलं नाही. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले. बायको वारल्यापासून नवनीत घरी एकटाच होता. उमाकांतची बायको ममता नातवाला सांभाळायला मुलीकडे पुण्याला गेली ती तिथलीच झाली. मग रोज संध्याकाळी नवनीत सायकलवरून यायचा आणि दोघं होडीला लागायचे. लाकूड नवनीतचं, लोखंड उमाकांतचं. उमाकांतला पोहता येत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवनीतने त्याला कमरेला दोर बांधून स्वतःच्या विहिरीत उतरवलं आणि शिकवलं.

गेल्या दिवाळीत, होडीला शेवटचा रंग द्यायचा राहिला असताना, नवनीतला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगा आणि सून येऊन त्याला नाशिकला घेऊन गेले. जाताना सून रुपा म्हणाली, काका, बाबांची अवजारं तुमच्याकडेच राहू द्या, आमच्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार. उमाकांत आठवड्यातून एकदा फोन करायचा. रुपा फोन नवनीतच्या कानाला लावायची. इकडून उमाकांत बोलायचा, तिकडून फक्त श्वास ऐकू यायचा. दोन-तीन मिनिटांत बोलायचं संपायचं. खरं तर ज्या माणसाबरोबर तासन्‌तास न बोलता काम केलं, त्याच्याशी फोनवर काय बोलावं हेच त्याला सुचत नसे.

रंग त्याने एकट्यानेच दिला. मग अवजारांना हात घातला.

पोरांना शिकवताना तो सांगायचा, आधी काम बघा, मग अवजार उचला. तीच रीत त्याने स्वतःला लावली. वही घेतली आणि होडीवर काय काय मोडू शकतं ते लिहून काढलं. शीड फाटेल. दोर तुटेल. सुकाणूची बिजागरी ढिली होईल. तळाला चीर पडेल. डोलकाठीची तार सुटेल. एकेका मोडण्यापुढे त्याला लागणारं अवजार लिहिलं, आणि ज्या अवजाराचं नाव वहीत आलं नाही ते गोणपाटासकट मागे सरकवलं. पाइप पाना गेला. बेअरिंग काढायचे पुलर गेले. तेरा मिलिमीटरच्या वरचे सगळे पाने गेले, कारण होडीवर तेवढा मोठा नटच नव्हता. घट्टपणा मोजायचा टॉर्क पाना, जो त्याने आयुष्यात सगळ्यात जपला, तोही मागे गेला. संध्याकाळपर्यंत एकच गोणपाट उरलं. शीड शिवायची जाड सुई, मेणाचा दोरा, हॅकसॉ, दोन कानशी, हातोडी, हाताने फिरवायचं ड्रिल, पेचकस, पक्कड, आणि तेराचे दोन पाने.

होडीला सगळे मिळून चौसष्ट बोल्ट होते आणि सगळ्यांना तेराचाच पाना लागे. बोल्ट होडीच्या अंगातून आरपार जायचा. डोकं बाहेर, नट आत. त्यामुळे तो आवळायला दोन माणसं लागत. नवनीत आत पोटात झोपून नटावर पाना धरायचा, उमाकांत बाहेरून फिरवायचा. "धर," असं उमाकांतने म्हणायचं. आतून "धरा", म्हणजे धरला, असं उत्तर यायचं. चौसष्ट वेळा असंच झालं होतं.

उमाकांतने दोन्ही पाने उचलले आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की एकट्याला हे जमणार कसं, याचा विचारच त्याने केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नांगराचा दोर बांधायच्या खुंटीचा एक बोल्ट मुद्दाम ढिला केला आणि एकट्याने आवळायला घेतला. आत शिरून नटाला पाना लावला, पान्याखाली लाकडाचा तुकडा ठोकून अडकवला, बाहेर येऊन वर चढला, बोल्ट फिरवला. आत पाना गळून पडल्याचा आवाज आला. पुन्हा आत गेला. दोरीने बांधला. पुन्हा बाहेर. पुन्हा आवाज. गुडघे सोलले, कपाळाला खोक पडली. अकराव्या खेपेला त्याने मागच्या गोणपाटातली लॉकची पक्कड आणली, एकदा दाबली की कुलूप लागल्यासारखी धरून बसते ती. ती नटाला चावली, तिचा दांडा होडीच्या फासळीला टेकला, आणि बोल्ट आवळला गेला. तसा तो पक्का बसलाही. उमाकांत होडीवरून खाली उतरला. काम फत्ते झालं होतं आणि त्याला काही बरं वाटत नव्हतं. वहीत त्याने 'लॉक पक्कड' असं लिहिलं. तेराचे दोन्ही पाने मात्र पेटीत तसेच ठेवले.

आणखी एक गोष्ट अडली होती. नवनीतचा रंधा. शिसवी, त्याच्या वडिलांनी बनवलेला, मुठीची जागा तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत केलेली. वहीतल्या कुठल्याच मोडण्याला तो लागत नव्हता. वजन दोन किलो. उमाकांतने तो तीनदा पेटीत ठेवला आणि तीनदा काढला.

शेवटी वही पिशवीत घालून त्याने शहाद्याहून सकाळची नाशिकची एसटी पकडली.

नवनीत चौथ्या मजल्यावर खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. दाढी कुणीतरी नीट केली होती. उमाकांतला पाहून त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. रुपाने ते पुसलं आणि सांगितलं, काका, ते सगळ्यांना बघून येतं, मनाला लावून घेऊ नका. मग ती आत चहाला गेली.

उमाकांतने खुर्ची जवळ ओढली, वही उघडली आणि सांगितलं की एकेक अवजार वाचतो, ठेवायचं असेल तर एकदा वाजव, काढायचं तर दोनदा. नवनीतने डावं बोट खुर्चीच्या हातावर एकदा वाजवलं. समजलं, असं.

हॅकसॉ. एकदा. सुई-दोरा. एकदा. दोन कानशी. दोनदा वाजलं, मग उमाकांतने एकच म्हटल्यावर एकदा. हातड्रिल, एकदा. लॉकची पक्कड म्हटल्यावर नवनीतने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग एकदा वाजवलं. ती कशाला हे त्याला विचारावं लागलं नाही.

"तेराचे पाने, दोन," उमाकांतने वाचलं.

दोनदा वाजलं. उमाकांतने वहीतून वर पाहिलं. नवनीतने डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

"ऱ्हाऊ दे ना दोन," उमाकांत अहिराणीत म्हणाला. "मी काय कायम एकलाच ऱ्हासू का?"

नवनीतने हात खाली घेतला नाही. ते एक बोट तसंच वर होतं. उमाकांतने पेन काढलं, दोन खोडून एक लिहिलं. तेव्हा कुठे हात खाली आला.

रंध्याचं नाव वहीत नव्हतं. तो बरोबर न्यावा का, हे त्याने तोंडानेच विचारलं. "तुन्हा रंधा. लई जाऊ का?"

बोट वाजलं नाही. एकदाही नाही, दोनदाही नाही. नवनीत खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या. उमाकांतने वाट पाहिली. मग रुपा चहा घेऊन आली, नवनीतच्या गळ्याला फडकं बांधून चमच्याने पाजू लागली, आणि तो प्रश्न तसाच राहून गेला. निघताना उमाकांतने त्याचा डावा हात हातात घेतला. पकड अजून सुताराची होती.

घरी आल्यावर रंधा त्याने तेल लावून, कापडात गुंडाळून फडताळात ठेवला. दुसरा तेराचा पानाही गोणपाटावर गेला. पेटी भरून काट्यावर चढवली, तर बारा किलो भरली.

होळीनंतर चार दिवसांनी होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर लादून घाट चढली. धडगाव मागे टाकल्यावर बऱ्याच अंतराने एका ठिकाणी डांबर संपतं आणि रस्ता सरळ पाण्यात उतरतो. तिथे आमशा पावराची लाँच लागते. दोन्ही काठांच्या पाड्यांवरची माणसं तोच इकडून तिकडे नेतो. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. घरी पावरी बोलायचा, उमाकांतशी शाळेतल्या मराठीत बोलला. होळीला घरी आलेली माणसं पुन्हा गुजरातेत कामाला निघाली होती, त्यामुळे लाँच येताना भरलेली आणि जाताना रिकामी. त्यातल्याच आठ-दहा जणांना हाक मारून आमशाने होडी पाण्यात उतरवून दिली. मग विचारलं, किती माणसं जाणार?

"एकच," उमाकांत म्हणाला.

आमशाने दोन बिछान्यांच्या फळ्यांकडे पाहिलं. एवढंच सांगितलं की पाणी उतरायला लागलंय, खाली बुडालेल्या जंगलाची खोडं आता वर येतात, काठाशी जपून जा.

पहिल्या दिवशी अकरा वाजता वारा आला. नवनीत म्हणाला होता तसाच, खालून वर, जणू कुणी दार उघडलं. उमाकांतने शीड ओढलं, होडी कलली, पाण्याचा आवाज बदलला आणि ती चालू लागली. चार वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. त्याने मागे वळून पाहिलं. दुसऱ्या बाकावर दोराचं वेटोळं होतं.

त्यानंतरचे दिवस सारखेच गेले. सकाळी पाणी आरशासारखं. तेव्हा चहा, भात, वहीत दोन ओळी. दुपारी वारा. संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर. दोन्ही बाजूंना उघडे तपकिरी डोंगर, वर एखाद-दुसरं घर, बहुतेकांची दारं ओढलेली. वाटलं होतं, पाण्यावरचा एकटेपणा घरच्याहून वेगळा असेल. तो वेगळा होता खरा. लोणखेड्यात निदान पेपरवाला यायचा, शेजारच्या घरातला मिक्सर ऐकू यायचा. इथे तिसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की पहिल्या संध्याकाळपासून आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. काहीतरी बोलून बघावं म्हणून त्याने घसा खाकरला, पण बोलायला काही सापडलं नाही.

चौथ्या दिवशी खोडाला धडक बसली. मोठी नव्हती, सुकाणूची खालची बिजागरी हलली, दोन बोल्ट ढिले झाले. त्याने नांगर टाकला, आत शिरून लॉकची पक्कड लावली, बाहेर येऊन आवळलं. अर्ध्या तासात काम संपलं. पेटीतलं प्रत्येक अवजार जागच्या जागी होतं, नेमकं हवं तेच हाताला आलं होतं. विद्यार्थ्यांना दाखवावं असं काम, पण दाखवायला कुणी नव्हतं. त्याने पेटी बंद केली. उद्या परत फिरावं, असं त्याने त्या दुपारी ठरवलं.

परत फिरला, पण धक्क्यापर्यंत पोचला नाही. वाटेत मधल्या पाण्यात आमशाची लाँच नुसतीच आडवी वाहत होती. आत पंधरा-सोळा माणसं, चार शेळ्या, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर सोलरची पाटी. उमाकांतने शीड उतरवून होडी तिच्या अंगाला लावली. इंजिन चालत होतं, पण पंखा फिरत नव्हता. इंजिन आणि पंख्याची दांडी जिथे जोडतात तिथले चारपैकी तीन बोल्ट तुटले होते. आमशाकडे बोल्ट होते, पण लांब. बसवले तर मागे घासले असते. कापायला करवत नव्हती. आमशाची सगळी अवजारं तेलाच्या एका पत्र्याच्या डब्यात होती: सतराचा एक पाना, हातोडी, पेचकस, तारेचं भेंडोळं आणि रबराच्या ट्यूबच्या पट्ट्या. एवढ्यावर ते इंजिन त्याने बारा वर्षं चालवलं होतं.

त्याने आधी उमाकांतला विचारलं, दुसरा सतराचा पाना आहे का?

"नाही," उमाकांत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी अवजार मागितलं आणि त्याच्यावर नाही म्हणायची पाळी आली. त्याला शरम वाटली, सात गोणपाटं आठवली. मग तो पेटी उघडून म्हणाला, "पण हॅकसॉ आहे. कानस आहे. आणि ही पक्कड धरेल."

तीन बोल्ट मापाचे कापून, टोकं घासून व्हायला तास गेला. कापताना रमिलाबाई नावाच्या एका बाईने बोल्टखाली स्वतःची लाकडी पेटी सरकवली, म्हणजे तो हलू नये. मग आमशा तळाच्या काळ्या पाण्यात उताणा झोपून दांडीखाली गेला आणि उमाकांत वरून पालथा झाला. दोघांची डोकी एकमेकांपासून हातभर अंतरावर होती. जागा एवढी अरुंद की लॉकच्या पक्कडीचा दांडा टेकायला काही नव्हतं. ती उमाकांतला हातानेच धरून ठेवावी लागली. खालून आमशा पावरीत काहीतरी म्हणाला. शब्द उमाकांतला कळला नाही, काय करायचं ते कळलं. त्याने पकड घट्ट केली. खाली पाना फिरला. पुन्हा तोच शब्द, पुन्हा पकड. तीन बोल्ट होईपर्यंत दोघांमध्ये तेवढंच बोलणं झालं, आणि उमाकांतला ते लवकर संपू नये असं वाटत होतं.

इंजिन सुरू झालं, पंखा फिरला. शेळ्या दचकल्या, माणसं हसली. रमिलाबाईने फडक्यातून मक्याची भाकर आणि लसणाची चटणी काढून त्याच्या हातात दिली. आमशाने विचारलं, कुठे शिकलात? उमाकांतने सांगितलं की आपण शिकवायचो, आणि ही होडी दोघांनी बनवलीय, दुसरा आजारी आहे. आमशाने मान हलवली. मग डाव्या काठावरचा एक सुळका दाखवून म्हणाला, "त्याच्या डोक्यावर गेलात तर फोन लागतो. आम्ही तिथूनच पोरांशी बोलतो."

लाँच गेली. तिचा आवाज डोंगरांत बराच वेळ फिरत राहिला, मग तोही थांबला. आधीच्या चार दिवसांत जेवढं सुनं वाटलं नव्हतं तेवढं त्या एका तासात वाटलं. तरी धक्क्याकडे जायच्या ऐवजी त्याने सुळक्याखालच्या खाडीत नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर चढला. दोनदा बसावं लागलं. माथ्यावर एक सपाट दगड होता, बसून बसून झिजलेला. तिथे फोनला दोन काड्या आल्या. आधी ममताचा लागला. ती रागावली, मग रडवेली झाली, मग नातवाला ताप येऊन गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, कधी येता? आठ दिवसांनी पुण्याला येतो, असं तो म्हणाला. ते खरं होईल की नाही हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

मग नाशिकला लावला. रुपाने फोन नवनीतच्या कानाशी धरला. या खेपेला बोलायला पुष्कळ होतं. वारा अकराला येतो, तू सांगितलं तसाच. होडी वाऱ्यावर उजवीकडे ओढते. डोलकाठी चार बोटं पुढे हवी होती, तुझंच बरोबर होतं, मी उगाच भांडलो. खोडाला धडकलो, पण प्लायला ओरखडासुद्धा नाही. लाँचचे बोल्ट कापले, त्याला तू ठेवायला लावलेली कानसच वापरली. तिकडून श्वास ऐकू येत होता, आधीसारखाच, जरा जड. उमाकांत बोलत राहिला. भाकर कुणी दिली, शेळ्या किती होत्या, पाणी कुठल्या रंगाचं आहे. पलीकडे श्वास मध्येच अडखळला आणि घशातून एक आवाज आला, शब्द नव्हे, नुसता आवाज.

रुपा फोनवर आली. "काका, थकले ते. डोळे मिटलेत. पण फोन काढू देत नव्हते."

उमाकांत बरं म्हणाला. फोन बंद करून त्याने खिशात ठेवला. खाली होडी बोटाएवढी दिसत होती. पाणी अजून सपाट होतं. बरोबर आणलेली अर्धी भाकर त्याने तिथेच खाल्ली, कारण खाली जाऊन खाण्यात तरी काय वेगळं होतं. मग ऊन चढायच्या आत, गुडघे सांभाळत, वाळलेल्या गवताला धरत तो हळूहळू उतरायला लागला. अकराचा वारा यायला अजून दीड तास होता.